१ एप्रिल : कृषक दिन आणि आमचा सातबारा



आज १ एप्रिल. सकाळी साडेसहालाच खालच्या खाचरातली भाजवळ पेटवली. वारा पडलेला होता, म्हणून चहा न घेताच गेलो. गेले पंधरा दिवस कवळ, पातेरा, शेण, गवत आणि वर बारीक माती असा थर रचून ठेवला होता. वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवली की सावकाश जळते, बांध ओलांडत नाही. तरी दोन तास काठी घेऊन कडेला उभं राहावं लागतं. तेवढ्यात मोबाईल बघितला तर एप्रिल फूलचे तीन मेसेज, आणि एका ग्रुपवर 'आजचा दिनविशेष'. त्यात जगातल्या लोकांचे जन्म होते, मृत्यू होते, कुठल्याशा कंपनीची स्थापना होती. शेतकऱ्याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून आज भाजवळीचं राहू दे. १ एप्रिलचा माझा दिनविशेष लिहितो. जरा लांब होईल. पण तुमचं गाव कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असेल आणि तुमचे आजे-पणजे दुसऱ्याची जमीन कसत असतील, तर तुमच्या जुन्या फेरफारात ही तारीख सापडेल. निदान ती शोधण्यासाठी तरी वाचा.

आमच्याकडे वर्ष दोनदा बदलतं. एकदा पाडव्याला, ते देवाचं. दुसऱ्यांदा १ एप्रिलला, ते सरकारचं आणि सोसायटीचं. काल ३१ मार्च, सोसायटीत ही रांग. मुदतीत पीककर्ज भरलं तर व्याजात सवलत, नाहीतर नाही. आपल्यातले निम्मे लोक कर्ज फेडत नाहीत, नवं-जुनं करतात. चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे, भरायचे, नवीन कर्ज उचलायचं आणि उसने परत करायचे. मीही केलंय. लाजण्यासारखं काही नाही.

आता हा पैशाचा विषय निघालाच आहे तर पहिली नोंद तिथूनच.

१ एप्रिल १९३५. या दिवशी रिझर्व्ह बँक सुरू झाली. मुख्य कचेरी आधी कलकत्त्याला होती, १९३७ साली ती कायमची मुंबईला आली. या बँकेत सुरुवातीपासून शेतीकर्जासाठी वेगळं खातं होतं. पण खातं असणं वेगळं आणि पैसा बांधावर येणं वेगळं. पुढे १९५१-५२ साली देशभर पाहणी केली, शेतकरी कर्ज कुठून काढतो म्हणून. शंभर रुपये कर्जात सहकारी सोसायट्यांचे जेमतेम तीन रुपये निघाले. सुमारे सत्तर रुपये सावकाराचे. म्हणजे बँक होऊन सोळा-सतरा वर्षं झाली तरी आपला आजा सावकाराच्याच ओटीवर बसलेला होता. आणि कोकणात सावकार, खोत आणि जमीनमालक हा पुष्कळ वेळा एकच माणूस असायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१ एप्रिल १९३६. सिंध प्रांत मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला. सुमारे नव्वद वर्षं कराची आणि महाड एकाच सरकारखाली होते. कोकणातली किती माणसं तेव्हा कराचीला नोकरीधंद्याला होती! आपल्या राज्याची हद्द म्हणजे देवाने आखलेली रेघ नव्हे, ती कागदावर बदलते, एवढंच यातून घ्यायचं.

१ एप्रिल १९३७. हे मात्र आपल्या महाडकरांनी नीट वाचावं. १९३५ च्या कायद्याप्रमाणे या दिवसापासून प्रांतांना स्वतःचं मंत्रिमंडळ आणि निवडलेली विधानसभा मिळाली. मत सगळ्यांना नव्हतं, सारा भरणारा किंवा शिकलेला असेल त्यालाच होतं. काँग्रेसच्या जागा सगळ्यांत जास्त होत्या, पण त्यांनी आधी सरकार बनवायला नकार दिला. म्हणून १ एप्रिलला साताऱ्याचे धनजीशा कूपर मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. हे तेच कूपर, ज्यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर बनायचे. त्यांचं सरकार साडेतीन महिने टिकलं. जुलैमध्ये बाळासाहेब खेर आले.

आता तारखा जुळवून बघा. चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्यायले २० मार्च १९२७ ला. त्यावरून सुरू झालेला कोर्टाचा खटला हायकोर्टात निकालात निघाला १७ मार्च १९३७ ला. तळं सगळ्यांचं, असा निकाल लागला. त्यानंतर पंधरा दिवसांनी ही विधानसभा सुरू झाली आणि बाबासाहेब तिच्यात निवडून आलेले सभासद होते. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती बंद करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. महाड म्हटलं की लोकांना पाणी आठवतं, आणि ते आठवलंच पाहिजे. पण पाण्याच्या मागोमाग जमिनीचाही लढा बाबासाहेबांनीच त्या सभागृहात नेला, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

खोती काय होती हे नवीन मुलांसाठी दोन ओळीत. गावचा सारा सरकारात भरायचा मक्ता खोताकडे. तो सरकारला ठरलेलं देणार आणि आपल्याकडून त्याच्या कितीतरी पट घेणार. भात पिकलं की निम्मं त्याच्या घरी. वर त्याच्या घरी लग्न असेल तर लाकडं फोडायला जायचं, छपराचा पेंढा पोचवायचा, पालखी उचलायची. त्याला वेठ म्हणत. पैसे नाहीत, आणि नाही म्हणायची सोय नाही.

आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागेकडे चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. जमिनी कसल्याच नाहीत. सहा वर्षं खाचरं पडीक ठेवली. मंडळी, एक वर्ष लावणी चुकली तर आपल्या घरात काय होतं ते आठवा, आणि मग सहा वर्षांचा हिशोब करा. त्या रेट्यामुळे १९३९ साली पहिला कुळकायदा आला. बाबासाहेबांचं बिल तेव्हा पास झालं नाही, पण १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ साली, मोठा कुळकायदा झाला होता. पण त्यातही कूळ हे कूळच राहिलं. मालक झालं नाही.

मालक झालं ते पुढच्या नोंदीत.

१ एप्रिल १९५७. या एका दिवशी आपल्याकडे दोन गोष्टी बदलल्या. एक खिशातली, एक पायाखालची.

खिशातली आधी. त्या दिवसापासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. माझे वडील तेव्हा पंधरा वर्षांचे. ते सांगायचे की बाजारात नुसता गोंधळ. जुनी नाणी चालू, नवी पण चालू. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, पण तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५. म्हणजे एक-एक आण्याने तीनदा मीठ घेतलं तर अठरा पैसे आणि एकदम तीन आण्यांचं घेतलं तर एकोणीस! आजी म्हणायची, "सरकारला बेरीज येत न्हाय." आजी शाळेत कधी गेली नाही, पण हे तिच्या लगेच ध्यानात आलं. आणे गेले, पण शब्द राहिले. अजून आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो. पिकाच्या आणेवारीला आता कागदावर पैसेवारी म्हणतात, ती ५० पैशांच्या खाली आली की टंचाईच्या सवलतींचं बोलणं निघतं. तलाठ्यासमोर मात्र आपण आणेवारीच म्हणतो.

आता पायाखालची.

१९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती अमलात आली. तिच्यात लिहिलं होतं की १ एप्रिल १९५७ रोजी जो कूळ म्हणून जमीन कसतोय, त्याने ती जमीन मालकाकडून विकत घेतली असं मानलं जाईल. 'मानलं जाईल' हे शब्द महत्त्वाचे. खरेदीखत नको, मालकाची सही नको, मालकाची मर्जी नको. ती तारीख उजाडली की झालं. कायद्यात या दिवसाचं नावच 'कृषक दिन' आहे. आपण १ जुलैला कृषी दिन करतो, तो वसंतराव नाईकांच्या जयंतीचा. तो वेगळा. हा कृषक दिन कुणी साजरा करत नाही, ना ग्रामपंचायत, ना शाळा.

मालकांनाही एक मुदत दिलेली होती. ज्याला स्वतः कसायला जमीन परत हवी, त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करायचा. म्हणजे त्या ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत मालकाचं पान वर, आणि १ एप्रिलच्या सकाळी कुळाचं. कालच्या रात्रीसारखीच रात्र असणार ती. चांदणं, राबाचा धूर, कुठेतरी कुत्रं भुंकतंय. माझा आजा ओटीवर झोपलेला असणार आणि त्याला यातलं काही माहीत नसणार.

पेपरातही त्या साली याची मोठी चर्चा नसावी. तेव्हा आपण गुजरातसकट द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, आणि सगळीकडे संयुक्त महाराष्ट्राचं वारं. त्याच साली ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू आपल्या डोक्यावरच्या प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले आणि समितीने जंगी निदर्शनं केली. ती आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होती. कृषक दिन कुणाला आठवत नव्हता. मालकमंडळी कोर्टात गेली होती, पण १९५८ साली सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. विदर्भासाठी १९५८ साली वेगळा कुळकायदा झाला, त्यातही तारीख १ एप्रिलच धरली, साल १९६१.

आता कायदा बाजूला ठेवून आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

आमचं गाव महाड तालुक्यात, पोलादपूरच्या हद्दीला लागून. आजा दोन तुकडे अर्धेलीने कसायचा. खालचं खाचर, सव्वा एकर, तिथेच आज भाजवळ केली. त्याचा मालक महाडच्या पेठेतला. आणि वरचा मळा, ओढ्याकाठचा, तो एका विधवा बाईंचा. नावं लिहीत नाही, त्यांची नातवंडं आहेत.

१ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं असं मानलं, पण किंमत ठरायची होती. त्यासाठी मामलेदार कचेरीत न्यायाधिकरण बसायचं. ते एकेका गावाला बोलवायचं. आपल्या भाषेत '३२ ग' झाली का, असं विचारतात ते हेच. आमच्या गावाची पाळी आली १९६२ ला. आजा चालत महाडला गेला, बरोबर वडील. वडील चौथी शिकलेले, वीस वर्षांचे.

तिथे साहेबाने प्रत्येक कुळाला विचारायचं, जमीन विकत घ्यायला तयार आहेस का. एवढंच. हो म्हटलं तर किंमत ठरणार. नको म्हटलं तर संपलं. सोपं वाटतं ना? पण मालक समोर खुर्चीवर बसलेला. आजा दारात पायताण काढून उभा. ज्या माणसाच्या ओटीवर कधी वर चढून बसला नाही, ज्याच्याकडून आजीच्या आजारपणात चाळीस रुपये आणले होते, त्याच्या तोंडावर म्हणायचं की तुझी जमीन मला पाहिजे.

आमच्या आधीच्या दोघांनी मान खाली घालून सांगितलं, "आमाला नको सायब. मालकाची जमीन मालकाला." त्यांना कुणी धमकी दिली नव्हती. निदान वडिलांनी तरी बघितली नाही. त्यांना नुसती लाज वाटली. त्यांच्या घरची आजची पिढी एमआयडीसीत कंत्राटावर आहे आणि गावात घराच्या पायापुरती जमीन आहे.

मग आजाला विचारलं. आजा गप्प. साहेबाने परत विचारलं. आजा म्हणाला, "पैसं कुटनं आनायचं?" साहेबाने सांगितलं, हप्ते मिळतील. आजा परत गप्प. वडिलांनी मागून सदऱ्याला धरून ओढलं आणि हळू म्हणाले, "हाय म्हना." आजा म्हणाला, "हाय."

आमच्या घरात याहून मोठा शब्द कुणी बोललेला नाही.

किंमत आकाराच्या पटीत ठरायची. आकाराच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत, न्यायाधिकरण ठरवेल ती. आमच्या खाचराचा आकार ४ रुपये ४ आणे, म्हणजे ४ रुपये २५ नवे पैसे. ऐंशी पट धरून किंमत झाली ३४० रुपये. दहा वार्षिक हप्ते, ३४ रुपयांचे, वर साडेचार टक्के व्याज. पहिल्या वर्षाचं व्याज १५ रुपये ३० पैसे. आज हसू येतं. पण तेव्हा आमच्या घरात रोख पैसा असा नव्हताच, सगळा व्यवहार भाताचा.

मग वडील मुंबईला गेले, गिरणीत लागले. गिरणगावातल्या एका खोलीत अठरा माणसं. दर महिन्याला मनीऑर्डर. त्यातून आजा हप्ता बाजूला काढायचा. खरं सांगायचं तर आमची शेतजमीन ही परळच्या गिरणीच्या पगारातून विकत घेतलेली आहे. शेवटचा हप्ता १९७२ ला गेला आणि '३२ म'चं सर्टिफिकेट मिळालं. ते आणि दहाही पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. २०२१ च्या पुरात खालच्या वाडीत पाणी चढलं, तेव्हा बायकोने आधी ती पिशवी उचलली, मग दागिन्याची डबी.

वरचा मळा मात्र आम्हाला मिळाला नाही.

कायद्यात मालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा अपंग असेल तर त्या १ एप्रिलची खरेदी पुढे ढकललेली होती. ते बरोबरच होतं. त्या बाईंना नवरा नाही, मूल लहान, आमच्याकडून जाणारं भात हेच त्यांचं पोट. दिवाळीनंतर आजा डोक्यावरून भात पोचवायचा तेव्हा त्या त्याला जेवायला वाढायच्या. सगळे मालक राक्षस नव्हते आणि सगळी कुळं देव नव्हती. पण त्या वारल्या की ठरलेल्या मुदतीत कुळाने नोटीस द्यायची होती, की मला खरेदी करायची आहे. त्या वारल्या १९७१ ला. वडील मुंबईत. आजाला वाचता येत नव्हतं. हे असं काही करायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. मुदत गेली. मग कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि शेवटी मळा हातचा गेला. आज तिथे मुंबईच्या एका माणसाचं फार्महाऊस आहे. तळ्यासारखी निळी टाकी आहे, पोहायला. ओढ्याचं पाणी मोटर लावून वर घेतात. त्याच बांधावर आजाने लावलेला रायवळ आंबा अजून आहे, तो मोहोरला की मी लांबून बघतो.

म्हणून मी म्हणतो, १ एप्रिल १९५७ हा नुसता एक दिवस नव्हता. ज्याला ती तारीख कळली, ज्याचा मुलगा चौथी शिकलेला होता, ज्याने लाज गिळून 'हाय' म्हटलं, त्याच्यासाठी ती तारीख आली. बाकीच्यांसाठी तो एक साधा सोमवार होता.

इथवर लिहून थांबलो असतो तर पोस्ट छान झाली असती. पण भाजवळीच्या कडेला उभं असताना समोरच्या वरकसावर नजर गेली, आणि तेही लिहिलंच पाहिजे.

त्या वरकसावर गेली अकरा वर्षं एक माणूस नाचणी आणि वरी करतो. कातकरवाडीतला आहे. नाव लिहीत नाही. वडील गेल्यावर मला वरची जमीन झेपेना, मुलगा बिरवाडीला नोकरीला. त्याने विचारलं, मी म्हटलं कर. पिकलं की तो मला दोन पायली नाचणी आणून देतो. कागद काही नाही.

आणि मी काय करतो माहीत आहे? दर दोन वर्षांनी त्याला तुकडा बदलायला लावतो. यंदा या उतारावर कर, पुढच्या वर्षी त्या. सांगतो की जमिनीला विसावा पाहिजे. खरं कारण वेगळं आहे. एकाच जागी राहिला तर कूळ लागेल. ई-पीक पाहणी आल्यापासून मी स्वतः जाऊन नाचणीसमोर उभा राहतो, फोटो काढतो आणि पीक माझ्या नावावर चढवतो. पूर्वी तलाठ्याच्या कागदावर मालक 'खुद्द' लिहून घ्यायचे, आता मी मोबाईलवर लिहितो. १९५६ साली मालकमंडळींनी जे केलं, तुकडे बदल, नाव लावू नको, कागद करू नको, तेच सगळं मला कुणी न शिकवता येतं.

दोन वर्षांपूर्वी अवकाळीत नाचणी झोपली. नुकसानभरपाई आली, दोन हजार पाचशे आणि काही. ती माझ्या खात्यात आली, कारण पीक माझ्या नावावर. मी ठेवली. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही. आजा जसा दारात उभा होता तसा तो माझ्या अंगणात उभा असतो, पायताण बाहेर काढून.

मी एकटा असा नाही. महाड-पोलादपुरात चक्कर मारा, किती वरकस, किती खाचरं रान झालीत. मालक मुंबई-ठाण्याला. गावातला कुणी मागितली तर देत नाहीत. पडीक राहू दे, पण कूळ नको. ती भीती अगदीच खोटी नाही. १९५७ नंतर लागलेल्या कुळालाही मुदतीत नोटीस देऊन खरेदीचा हक्क सांगता येतो, असं कलम आहेच. पण याचा अर्थ असा झाला की ज्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला दिली, त्याच्याच भीतीने आज जमीन कसणाऱ्याला मिळत नाही. आणि मग रान माजतं, त्यात डुकरं वाढतात, आणि ती आपल्याच भातात उतरतात. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आपल्या राज्यातलं मेळघाट पहिल्या नवात होतं. वाघ वाचले, चांगलं झालं. आमच्याकडे डुकरं वाचवायला सरकारची गरज पडली नाही, आमची पडीक जमीन पुरली.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण बरेच जण फोन करून विचारतात.

तुमची जमीन कुळकायद्याने आलेली असेल तर '३२ ग' आणि '३२ म'चा फेरफार शोधा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'कलम ४३ ला पात्र' असं काही आहे का बघा. '३२ म'चं सर्टिफिकेट जपून ठेवा, झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा. खरेदीचा तो पक्का पुरावा आहे.

२०१४ पासून असं झालंय की सर्टिफिकेटला दहा वर्षं झाली असतील तर विकताना परवानगी लागत नाही, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा. माझ्या खाचराचा हिशोब केला, ४ रुपये २५ पैसे गुणिले चाळीस. १७० रुपये. दहा वर्षांच्या मनीऑर्डरी आणि एक 'हाय', आणि सुटका १७० रुपयांत. म्हणून तर एजंट चपला झिजवतात. विकू नका असं मी सांगणार नाही, प्रत्येकाच्या घरात आजारपण असतं, लग्न असतं. पण विकण्याआधी ती पिशवी उघडून एकदा पावत्या वाचा.

आणि तुमच्या इतर हक्कात अजून कुणा कुळाचं नाव असेल, तर तेही वाचा. ते कुणाचं नाव आहे आणि त्याची नातवंडं कुठे आहेत, एवढं तरी माहीत असू द्या.

भाजवळ नऊला विझली. घरी आलो, चहा घेतला आणि वाडीवर गेलो. अडीच हजार त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "कसलं वो हे?" मी म्हटलं, नाचणी पडली होती त्याचे. तो बराच वेळ नोटा बघत राहिला. त्याची बायको म्हणाली, आज एप्रिल फूल तर नाही ना. ती वाडीच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली आहे, तिला असलं सगळं माहीत असतं.

यंदा तुकडा बदलायचा नाही, एवढं सांगून आलो. कागदाचं बोललो नाही. वकील म्हणेल मूर्ख आहेस, भाऊ म्हणेल तुझ्या एकट्याची जमीन आहे का, आणि दोघांचंही चुकत नाही. रोहिणी निघायच्या आत ठरवायला पाहिजे, कारण पाऊस पडला की तो नाचणीची रोपं टाकणार आणि मग परत एक वर्ष तसंच जाणार.

तुमच्यापैकी कुणी लेखी करून जमीन कसायला दिली असेल, आणि दोन्ही बाजू सुखाने झोपत असतील, तर कसं केलंत ते सांगा. मला खरंच पाहिजे आहे.

उद्या वरच्या दाढीची भाजवळ. वारा असेल तर परवा.